मुकं पान कुणाचं

बाविसाव्या वर्षी मी एका छापखान्याच्या मालकाच्या प्रेमात पडले होते, आणि तसं त्याला पत्र लिहून कळवलंही होतं.

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या भावाकडे ‘वादळवीर’ नावाची चित्रमालिका यायची. डोंगर उचलणारा, धरण फुटलं की छातीने अडवणारा असा तो महानायक. अंक आधी भाऊ वाचायचा, मग त्याचे मित्र, आणि माझ्यापर्यंत येईतो पहिलं पान गळालेलं असायचं. लेखक-चित्रकाराची नावं त्याच पानावर असत, हे मला कुठून कळणार. शेवटच्या पानावर तळाशी मात्र एक नाव ठळक अक्षरात आणि संपूर्ण पत्त्यानिशी होतं. त्याच्यापुढे ‘मुद्रक’ असं लिहिलेलं होतं, पण दीडशहाण्या माणसाला एखादा शब्द अडला तरी तो थांबत नाही. मी पाठपोट पत्र लिहिलं. ‘आपल्या लेखणीत वीज आहे आणि कुंचल्यात वारा,’ असं एक वाक्य त्यात होतं. ते सुचल्यावर मी स्वतःवर इतकी खूष झाले की जेवले नाही. दहाबारा दिवसांनी उत्तर आलं. आत लग्नपत्रिकांचं दरपत्रक होतं.

माझ्या वडिलांना ते दर परवडण्यासारखे वाटले. माझी लग्नपत्रिका तिथेच छापली.

तर महानायकाची गोष्ट नक्की कोण घडवतं, याबद्दल माझं ज्ञान हे असं. आणि गेल्या हिवाळ्यात नेमक्या याच प्रश्नावर मला चार दिवस पंच म्हणून बसवलं गेलं, तेही पिंपरी-चिंचवडमध्ये. आमच्या फलटणच्या बायकांना वाटतं, तिकडे नुसत्या कंपन्या आणि पत्र्याच्या शेड. ज्या गेल्या नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गुरुवार, रावेत

माझी नात गार्गी, थोरल्या लेकीची मुलगी, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची कॉम्प्युटरवर रेखाटनं करते आणि रावेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्या सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने माझा फोटो काढला, तो फोनवर गार्गीला पाठवला आणि तिने मला एखाद्या पार्सलसारखं मंजूर केलं. फलटणला आमच्या आळीत नवा माणूस शिरला की चार ओट्यांवरून चौघी जणी ‘कुणाकडं?’ म्हणून विचारतात. इथे ते काम एकटा फोन करतो, पण पुढची चौकशी करत नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं.

घरात बसायला जागा नव्हती. पलंगावर, ओट्यावर, धुण्याच्या मशीनवर, सगळीकडे कागद. रविवारी गार्गीच्या चित्रपुस्तकाचं प्रकाशन होतं. तिच्या महानायिकेचं नाव ‘पोलादी पारू’. पारू चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. भट्टीच्या अपघातात ती गळ्यापासून पायापर्यंत पोलादाची होते, चेहरा तेवढा माणसाचा राहतो. मग ती भरधाव ट्रेलर हाताने थांबवते, कलता पूल खांद्यावर धरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोळ्या लाटायला हजर होते, कारण रजा शिल्लक नसते. चित्रं गार्गीची. गोष्ट अंकुश नावाच्या मुलाची. तो त्याच कंपनीत, माल तपासायच्या विभागात.

त्यातलं एक पान मी हातात घेतलं ते खाली ठेववेना. त्या पानावर एकही शब्द नव्हता. पारू पहाटे कामावरून घरी येते. तिची मुलगी झोपली आहे. पारू हात पुढे करते आणि थांबते. हात पोलादाचा, गारठलेला. मग ती पोळ्या करते, तवा निवत आला की त्यावर तळवा ठेवते, तो स्वतःच्या गालाला लावून बघते, आणि मगच मुलीच्या कपाळावर ठेवते. शेवटच्या चौकटीत नुसता तवा, त्याच्यावर वाफेत उमटलेला पंजा.

“हे तुला कसं सुचलं गं?” मी विचारलं.

“छान झालंय ना?” गार्गी म्हणाली. तिने प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तेवढ्यात घरमालक बाळूतात्या लिफ्टमधून दुधाची किटली घेऊन आले. ही सगळी जमीन एके काळी त्यांच्या वडिलांची. आता तिच्यावर इमारती आहेत, त्यात तात्यांचे फ्लॅट आहेत, आणि मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये दोन म्हशी आहेत.

“ताई, हितं समदं मिळतं,” तात्या मला म्हणाले, “पर शेणाचा वास मिळत न्हाई. त्यो मी टिकवून धरलाय.”

मग ते कामाचं बोलले. प्रकाशनासाठी पिंपळे सौदागरातलं सभागृह त्यांनीच मेव्हण्याच्या ओळखीने मिळवलं होतं. आता फ्लेक्स हवा होता. या गावात फ्लेक्सशिवाय काही घडत नाही. निवडणूक, बारसं, दहावीचा निकाल, बैलाचा वाढदिवस, सगळ्याला चौकात हा भलामोठा बोर्ड लागतो आणि त्यावर कुणाचा फोटो केवढा, कुणाच्या वर कोण, यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. आमच्याकडे जेवणावळीत पंगतीचं पहिलं पान कुणाचं यावरून जे व्हायचं, तेच.

“समद्यांचं फोटो धाड,” तात्या म्हणाले. गार्गीने कागद आवरता आवरता फोनवरून फोटो पाठवले. “ह्यो चष्मेवाला कोण?”

“अंकुश,” गार्गी मान वर न करता म्हणाली. “तो असतो माझ्याबरोबर.”

“बराबर असतो. बरं.” तात्यांनी ते मनात टिपलं आणि गेले. मी तिथेच चहा पीत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवार, चाकण

तात्यांना म्हशींसाठी पेंड आणायला चाकणला जायचं होतं. त्यांच्या गाडीत मीही चढले. मोशी ओलांडली की देखावा फार मजेदार होतो. एका बाजूला कंपनीची भिंत, तिच्या आत फुलझाडं कापून कंपनीचं नाव लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला कांद्याचं वावर, त्यात बायका खुरपत बसलेल्या. मधून ट्रेलर चाललेले, त्यांच्यावर नव्या मोटारी दोन मजल्यांत बांधलेल्या. चौकात आम्ही एवढा वेळ अडकलो की शेजारच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने खाली उतरून तात्यांशी कांद्याच्या भावाची चर्चा पूर्ण केली.

कंपनीची पहिली पाळी सुटल्यावर हे लोक तळेगाव रस्त्यावरच्या एका मिसळीच्या टपरीवर जमतात. तात्या मला तिथे सोडून पेंडीच्या दुकानात गेले. गार्गी आली, तिच्याबरोबर अंकुश आला. उंच, चष्मा, औशाकडचा. बोलणं ऐकताच लातूर कळतं. तिसरे शिंदे, लाइनवरचे सुपरवायझर, भोसरीचे, पोटात मिसळ आणि बगलेत जुने अंक. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले ‘वादळवीर’चे अंक त्यांनी बाकावर मांडले. बाविसाव्या वर्षीची ती शहाणी माझ्या शेजारी येऊन बसली.

यांचा वाद बरीच वर्षं चालू आहे आणि तो फक्त एकाच गोष्टीवर आहे. ‘वादळवीर’ मोठा झाला तो लेखक पाटणे यांच्यामुळे, की चित्रकार खोचरे यांच्यामुळे?

“आजी, तुम्हीच सांगा,” शिंदे म्हणाले. “खोचऱ्यांचा वादळवीर गच्चीवर उतरतो ना, तर शेजारच्या गच्चीवरच्या दोरीचे कपडे हलतात. पाण्याच्या टाकीचं झाकण उडतं. वजन आहे राव त्या माणसाला. नुसता लंगोट लावून हवेत टांगलेला नाही.”

“ते मान्य आहे,” अंकुश म्हणाला. “पण मधी खोचरे सोडून गेले, देवळे आले. देवळ्यांना पाय काढता येत होते का?”

“पाय?” शिंदे हसायला लागले. “त्यांचा वादळवीर कायम गवतात उभा. माळावर गवत ठीक आहे. रेल्वेच्या फलाटावर पण गवत. पोलीस ठाण्यात पण गवत.”

“तरी अंक खपायलाच होता ना? का? तर लिहायला पाटणे होते. लोकांनी गवतासहित वाचला.”

“आणि नंतर पाटणे गेले, खोचरे परत आले,” मी मध्ये तोंड घातलं, कारण हे मला आठवत होतं. “मग वादळवीर जो अंतराळात गेला तो खाली आलाच नाही. चित्रं इतकी देखणी की भिंतीला लावावी. गोष्ट काय, तर एक दगड येतो, तो हा फोडतो. पुढच्या अंकात त्याहून मोठा दगड.”

“वा, आजी माझ्या पार्टीत आल्या,” अंकुश म्हणाला.

“आजी कुणाच्या पार्टीत नाही,” मी म्हटलं, आणि माझी कसोटी सांगितली. पान घ्यायचं. आधी चित्रं झाकून नुसते शब्द वाचायचे, मग शब्द झाकून नुसती चित्रं बघायची. जे उघडं ठेवल्यावर गोष्ट चालत राहते, त्याचं पारडं जड. दाखवायला म्हणून मी शिंद्यांचा एक अंक ओढला आणि हात ठेवला. हाताला मिसळीचा कट लागलेला होता. इथे वरून वाढतात त्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात, आणि ते फुकट असतं म्हणून मी ते जरा जास्तच घेतलं होतं. प्लॅस्टिक होतं म्हणून अंक वाचला. शिंद्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला, रुमालाने पुसला, आणि उरलेले अंक बाकाच्या त्या टोकाला सरकवले.

अंकुशने मात्र माझी कसोटी पकडली. “आजी, आवाजचोराचा अंक. त्याला काय करणार?”

तो अंक मलाही ठाऊक होता. एक खलनायक शहरातले सगळे आवाज चोरतो. तिथून पुढे अर्धा अंक मुका. संवादांचे फुगे नाहीत, ‘धडाम’ नाही, काही नाही. झाकायला शब्दच नाहीत.

“त्या महिन्यात पाटण्यांनी बसून पगार घेतला,” शिंदे म्हणाले.

“मुकं पान आधी लिहावं लागतं भाऊ. कुणी कुठं बघायचं, काय हातात घ्यायचं, काय खाली ठेवायचं, हे कुणीतरी ठरवतं तेव्हा ते मुकं होतं. नाहीतर ते नुसतं रिकामं पान असतं.”

“ठरवणं वेगळं आणि काढणं वेगळं,” गार्गी म्हणाली. “‘आवाज चोरीला गेला’ हे एक वाक्य झालं. बाकी अर्धा अंक खोचऱ्यांचा घाम.”

“तुझंच बघ की,” शिंदे तिच्याकडे वळले. “ते तव्याचं पान. मी घरी बायकोला दाखवलं, ती रडली. एक शब्द नाही त्यात. सगळी तुझी कमाल.”

“थँक्यू,” गार्गी म्हणाली.

अंकुशने वाटी भरलेली असताना आणखी सॅम्पल मागवलं.

मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला निकाल द्यायची घाई. मी गळा साफ करून सांगितलं, की माझ्या मते श्रेय निम्मं निम्मं. तिघंही एकदम माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सॅम्पलमध्ये साखर घातली. “निम्मं निम्मं म्हणणारा माणूस वाचतच नाही,” शिंदे म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

शनिवार, रावेत

सकाळी तात्या मला फ्लेक्स बघायला घेऊन गेले. एक त्यांनी रावेतच्या चौकात लावला होता, तसाच दुसरा पिंपळे सौदागरला सभागृहाच्या दारात.

सगळ्यात मोठा फोटो तात्यांचा, काळा चष्मा, गळ्यात साखळी, हात छातीशी जोडलेले. खाली ‘मार्गदर्शक’. मध्ये गार्गी, पदवीच्या टोपीत. तिच्या खांद्याशी पोलादी पारू, एवढीशी. आणि अगदी तळाला, जिथे बोर्डाची दोरी बांधतात तिथे, गोल गोल फोटोंची रांग आणि वर लाल अक्षरात ‘शुभेच्छुक’. दूधडेअरीवाले, जिमवाले, त्यांच्या मध्ये अंकुश.

“झ्याक झालाय का न्हाई?” तात्यांनी विचारलं.

“झकास,” मी म्हटलं. घरमालकाला आणखी काय म्हणणार.

दुपारी अंकुश पुस्तकांचे गठ्ठे मोटरसायकलला बांधून आला. चौकातूनच आला होता. गठ्ठे आत आणून ठेवले, पाणी प्यायला, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “फ्लेक्स बघितला.”

गार्गीने माझ्याकडे बघितलं. तिने अजून बघितला नव्हता. मी सांगितलं काय आहे ते.

“पुस्तकात आहे ना तुझं नाव,” ती म्हणाली.

“आत आहे. मुखपृष्ठावर चित्राच्या कोपऱ्यात तुझी सही आहे. चित्र काढणाऱ्याला सही करायला कोपरा तरी असतो. मी कुठं करू?” तो अजिबात ओरडत नव्हता. “माझे बाबा उद्या यायलेत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर आहेत. फोनवर मी सांगितलं की माझं पुस्तक येतंय. ते म्हणाले, चित्रं त्या पोरीनं काढली, छापलं छापखान्यानं, मग तू काय केलास? मी म्हटलं, येऊन बघा. आता त्यांना काय सांगू, मी शुभेच्छा दिल्या?”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“उद्याचं होऊन जाऊ दे. नंतर मी रविवारचा ओव्हरटाइम घ्यायलाव. बाबाही तेच म्हणतात. दुसऱ्या अंकाला दुसरं कुणीतरी बघ.” आणि हेल्मेट उचलून तो गेला.

गार्गीने लगेच तात्यांना बोलावलं. तात्यांना राग आला. “शुभेच्छुक म्हंजी काय कमी हाय व्हय? त्या रांगंत यायला लोकं माझ्या मागं लागत्यात. तूच म्हणलीस त्यो बराबर असतो. बराबर असणारी माणसं तिथंच असत्यात.” नवा छापायचा तर मशीनवर आठवडाभराचे वाढदिवस रांगेत होते. उतरवायचा म्हटलं तर अपशकुन.

ते गेल्यावर गार्गी माझ्यावर घसरली. “मी काय मुद्दाम केलं?”

“छे. मुद्दाम केलं असतंस तर नीट केलं असतंस.”

“आजी, तुला माहीत नाही. तो लिहीत नाही, तो बोलतो. कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवर बोललेलं पाठवतो. कागदावर चार ओळी नसतात. ते ऐकून सगळं मी उभं करते. थांब, ऐकवतेच तुला. ते तव्याचं पान.”

तिने फोनवर त्याचं ते बोलणं लावलं. बसचं इंजिन, कुणाचं तरी खोकणं, आणि मध्ये अंकुशचा आवाज, शांत, न अडखळता. ‘हां गार्गी, ऐक. पान मुकं ठेवायचंय...’ तवा, गाल, कपाळ, वाफेचा पंजा. चौकटीमागून चौकट. मी डोळे मिटले तर परवा हातात घेतलेलं पान जसंच्या तसं दिसायला लागलं. गार्गी आधी हाताने ‘बघ, नुसतं बोलणं’ अशा खुणा करत होती. मग तिने खुणा थांबवल्या. शेवटची चौकट आली आणि तिने फोन बंद केला.

“अजून उरलंय ना त्यात?” फोनवरची आवाजाची पट्टी संपलेली नव्हती, तेवढं मलाही दिसत होतं.

“पुढे तो काहीतरी बडबडतो. मला पान कळलं की मी काढायला बसते. शेवटपर्यंत कधी ऐकत नाही.”

मी तिच्या वयाची असताना पहिलं पान न बघता पत्र लिहून मोकळी झाले होते. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. मी भाजी निवडायला घेतली.

रविवार, पिंपळे सौदागर

इथल्या सोसायट्यांना मोठमोठी परदेशी नावं आहेत आणि खाली किराणा दुकानात लोक नाचणीचे पापड मागतात. सभागृह वातानुकूलित, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. दारात फ्लेक्स.

अंकुशचे वडील पायजमा आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. एका हातात करडीच्या तेलाचा डबा, गार्गीसाठी. फ्लेक्ससमोर ते बराच वेळ उभे राहिले. वरून खाली बघत आले आणि शेवटी वाकले.

“हे काय, इथं हाय की आमचा,” ते म्हणाले. मग तात्यांना विचारलं, “शुभेच्छुक म्हंजे कोण असतात ओ?”

“आपलीच मान्सं,” तात्या म्हणाले.

“हां,” वडील म्हणाले आणि आत जाऊन मागच्या रांगेत बसले. अंकुश त्यांच्या शेजारी बसला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता.

नारळ फुटला, शाली झाल्या, तात्यांचं भाषण झालं. त्यात पारू आली नाही, पण रावेतचा रस्ता रुंद कसा झाला ते आलं. मग गार्गीने पडद्यावर पानं दाखवायला सुरुवात केली. ट्रेलर थांबवणारी पारू आली, शिट्ट्या वाजल्या. तव्याचं पान आलं आणि शिट्ट्या थांबल्या. मग टाळ्या. शिंदे उभे राहून टाळ्या वाजवत होते. वडिलांनीही बेताने वाजवल्या आणि मुलाकडे एक नजर टाकली. त्या नजरेत तोच प्रश्न होता, मला तो पहिल्या रांगेतून मान वळवून दिसला.

मी हात वर केला. म्हातारीने हात वर केला की लोकांना देणगीची अपेक्षा असते. माइक माझ्याकडे आला.

“हे पान वाचून दाखव,” मी गार्गीला म्हटलं.

लोक हसले. “आजी, यात शब्दच नाहीत,” गार्गी म्हणाली.

“मग तुला कसं कळलं काय काढायचं ते?”

मला वाटलं, आता ही काहीतरी विनोद करून वेळ मारून नेणार. मी तिच्या जागी तिच्या वयात तेच केलं असतं, वर लेखणी आणि वीज असं काहीतरी बोलून टाळ्याही घेतल्या असत्या. पण माझी नात माझ्यापेक्षा बरी निघाली. तिने फोन काढला आणि माइकजवळ धरला.

“हे पान माझ्याकडे असं आलं,” ती म्हणाली.

बसचं इंजिन सगळ्या हॉलमध्ये घरघरलं. ‘हां गार्गी, ऐक. पान मुकं ठेवायचंय. पारू तिसऱ्या पाळीवरून घरी येती. दिवा लावत नाही, लेकरू झोपलंय... हात तव्यावर ठेवती. तवा निवायलाय, लालबुंद काढू नको. मग स्वतःच्या गालाला लावती. गाल तेवढाच माणसाचा राहिलाय तिचा, म्हणून तिथंच कळतंय...’ लोक आवाज ऐकत होते आणि पडद्यावर एकेक चौकट बघत होते. शेवटचा तवा आला. अंकुश भिंतीपासून पुढे आला आणि हाताने ‘बंद कर’ म्हणाला. गार्गीचा अंगठा फोनवर होता. मी मान हलवली, बंद करू नको म्हणून. तिने अंगठा उचलला.

‘खिडकी लाव रे,’ बसमधलं कुणीतरी म्हणालं. मग पुन्हा अंकुश, जरा हळू. ‘आमचे बाबा असंच करायचे. थंडीत डेपोतून पहाटे यायचे, डिझेलनं हात गारठलेले. गरम करून मगच मला उठवायचे. मी आधीच जागा असायचो. डोळे मिटून पडायचो, हात येईपर्यंत. हे कुणाला सांगायचं नाही. तू फक्त पोरीच्या पापण्या जरा घट्ट मिटलेल्या काढ.’

आवाज संपला. गार्गी पडद्याकडे वळली. पडद्यावरची मुलगी गाढ झोपली होती. पापण्या सैल, कापसासारख्या.

“पापण्या चुकल्या,” गार्गी माइकमध्ये म्हणाली. “मी इथपर्यंत ऐकलंच नव्हतं.”

नंतर ती जे बोलली ते भाषण म्हणून काही खास नव्हतं. पान अंकुशचं आहे आणि हात माझा आहे, एवढंच. मग तिने पुस्तकांचा गठ्ठा फोडला, अंकुशला खुर्चीवर बसवलं आणि मुखपृष्ठावर आपल्या सहीशेजारी बोट ठेवलं. “इथे कर. सगळ्या प्रतींवर.” त्याचं अक्षर अगदी गचाळ आहे. सही करता करता त्याचे कान लाल झाले होते. शिंदे रांगेत पहिले. “मुकं पान लिहावं लागतं, मान्य,” ते म्हणाले, “पण खोचऱ्यांच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.” तात्या फ्लेक्सवाल्याला फोन करून लेखकाचा फोटो केवढा असतो ते विचारत होते.

वडील मात्र जागचे उठले नव्हते. मी चहाचे दोन कप घेतले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भांडण लावून दिलं होतं मी, तर निकाल ऐकायला नको का. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. समोर मुलाभोवती गर्दी होती, एक मुलगी त्याला आपलं नाव नीट लिहायला सांगत होती. वडील बघत राहिले, चहाचा एक घोट घेतला, आणि माझ्याकडे न वळता म्हणाले,

“मावशी, गोष्ट खरी हाय. पण तवा नव्हता ओ, चहाचं पातेलं होतं. लिहिणाऱ्यानं एवढं बदललेलं चालतंय का?”